लिटर बघून सॅक घेऊ नका

माझी पहिली मोठी सॅक ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातली. ६० लिटर, १८०० रुपये, वर 'इंटर्नल फ्रेम' अशी ऐटबाज पट्टी. खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडाला निघालो आणि तोलार खिंड येईपर्यंत ती पाठीवर पोत्यासारखी बसली. खांदे असे भरून आले की कोकणकड्यावर पोहोचूनही मी खांदेच चोळत होतो. घरी येऊन पाठीकडची चेन उघडली, तर फ्रेम म्हणून आत पातळ फोमचा तुकडा!

तेव्हा लेबलावर जाऊ नका. खरी फ्रेम म्हणजे पाठीच्या बाजूला आत बसवलेल्या एक-दोन अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, नाहीतर कडक प्लॅस्टिकचा पत्रा, कधी दोन्ही. रिकामी सॅक जमिनीवर उभी धरून वरून तळहाताने दाबा. लगेच घडी पडली तर आत काही नाही. वजन खांद्यांवरून कमरेवर उतरवणं हे फ्रेमचं काम. तीच लेचीपेची असेल तर कमरपट्टा नुसता शोभेचा.

पण सगळ्यात महागात पडते ती वेगळीच चूक: लिटर बघतो, पाठ मोजत नाही. बूट नंबर बघितल्याशिवाय कोणी घेत नाही ना? मान खाली घाला. मानेच्या बुडाशी जे टोकदार हाड लागतं तिथे टेप धरा. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा, अंगठे मागे. मानेच्या त्या हाडापासून दोन अंगठ्यांमधल्या रेषेपर्यंत जेवढं भरेल ती तुमच्या पाठीची लांबी. घरातल्या कोणाला तरी मोजायला सांगा, स्वतःचं स्वतः जमत नाही. उंचीवरून अंदाज तर बांधूच नका. वाशीचा माझा एक मित्र ५ फूट ११ इंच, मी साडेपाच फूट, आणि दोघांना एकच सॅक बसते; त्याची सगळी उंची पायांत गेली आहे. स्वस्तातल्या सॅक बहुधा एकाच मापात येतात. त्यामुळे खांद्याचे पट्टे वर-खाली सरकवता येतील अशी मिळाली, तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. वाचवायचेच असतील तर जास्तीच्या कप्प्यांवर वाचवा.

कमरपट्टा पोटावर आवळू नका. तो कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर बसला पाहिजे.

रिकामी सॅक घालून आरशात सगळेच छान दिसतात. टॅग न काढता घरी आणा, दहा किलो तांदूळ भरा आणि सोसायटीचे जिने अर्धा तास चढा-उतरा. शेजारी विचारतील, विचारू द्या. परत करायची असेल तर दुकानाची बदलून द्यायची अट मात्र आधीच विचारून ठेवा.

सह्याद्रीतल्या एका मुक्कामाला ४० ते ५० लिटर पुरे. त्याहून मोठी घेतली की मोकळी जागा दिसते आणि ग्रुपचं पातेलं तुमच्याच गळ्यात पडतं. शिवाय ते धूड घेऊन ठाण्याला कसारा लोकलमध्ये शिरून दाखवा!

पावसात नुसत्या रेन कव्हरवर विसंबू नका. पाठीची बाजू उघडीच राहते आणि पाणी तिथूनच झिरपतं. आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घाला, कपडे त्यात.

सॅक घेऊन झाली असेल आणि त्रास देत असेल, तर आधी भरणं बदला. मागे ओढत असेल तर जड वस्तू बाहेरच्या खिशात किंवा तळाशी गेल्या आहेत. पाणी आणि शिधा पाठीला चिकटून, मधल्या उंचीवर हवा, स्लीपिंग बॅग तळाशी. खांदे दुखत असतील तर सगळे पट्टे सैल करून पुन्हा लावा: आधी कमर, मग खांदे, मग खांद्यांवरचे छोटे पट्टे, छातीचा शेवटी. चालताना डुलत असेल तर बाजूचे पट्टे आवळा.

आणि माझ्यासारखी फ्रेमच नसलेली पदरात पडली असेल, तर फोमची मॅट गुंडाळून आत उभी घाला, ती नळकांड्यासारखी आतून मोकळी होऊ द्या आणि सामान तिच्या पोटात भरा. मी पुढचा सगळा सीझन असाच काढला. ती सॅक अजून आहे, माळ्यावर. दिवाळीचे कंदील असतात तिच्यात.