फवारणीनंतर पोटात मुरडा आला तर या चुका टाळा

कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत मराठवाड्यातील शेतांतून मळमळ, मुरडा आणि जुलाब घेऊन परतलेल्या माणसाला ‘डबा बाधला असेल’ किंवा ‘ऊन लागले असेल’ असे म्हणून झोपवले जाते. पहिली चूक येथेच होते. पंपात प्रोफेनोफॉस किंवा क्लोरपायरीफॉस यांसारखे ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशक असेल, तर बिघाड डब्यात नसून आतड्याच्या स्नायूंना मिळणाऱ्या रासायनिक संदेशात असू शकतो.

आतड्याच्या भिंतीतील मज्जातंतूंच्या टोकांतून ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन सुटले की ते स्नायूवरील मस्करिनिक ग्राहींना (संदेश पकडणाऱ्या रेणूंना) जाऊन चिकटते व स्नायू आकुंचन पावतो. नायट्रिक ऑक्साइड सुटले की तोच स्नायू सैल पडतो, आणि अशा आलटूनपालटून होणाऱ्या हालचालीने अन्न पुढे सरकते. काम झालेल्या ॲसिटिलकोलीनचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) ऑर्गनोफॉस्फेटमुळे निकामी होते, त्यामुळे आकुंचनाचा संदेश थांबतच नाही. आतडे पिळवटते, लाळ व घाम सुटतो, छातीत स्राव साचू लागतो आणि बहुतेक वेळा डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. साध्या अपचनात असे होत नाही, म्हणून पोट दाबून पाहण्याआधी डोळे पाहावेत. मात्र बाहुली बारीक नाही म्हणून निर्धास्तही राहू नये.

दुसरी चूक मेडिकलमधून आणलेल्या गोळीची, आणि माझ्या मते सर्वांत फसवी तीच. मुरड्यावरची डायसायक्लोमिन मस्करिनिक ग्राही काही प्रमाणात अडवते, जुलाबावरची लोपेरामाइड आतड्यापुरतीच हालचाल मंदावते. कळ थांबते, घरचे सुटकेचा श्वास सोडतात. परंतु श्वासाचे स्नायू निकोटिनिक या वेगळ्या ग्राहींवर चालतात आणि तेथे या गोळ्यांचा काहीही उपयोग नसतो.

मीठपाणी पाजून उलटी काढू नये, कारण कीटकनाशकातील द्रावक फुप्फुसात उतरू शकते. भिजलेला सदरा लगेच काढून अंग साबणाने धुवावे, १०८ ला फोन करावा आणि बाटली लेबलासह सोबत न्यावी.

रुग्णालयात ॲट्रोपिन हे मस्करिनिक ग्राही अडवणारे औषध सुरू झाल्यावर तोंड कोरडे पडले, बाहुली मोठी झाली, म्हणजे रुग्ण बरा झाला असे नातेवाईक धरून चालतात. डॉक्टर मात्र छातीतील स्राव, नाडी व रक्तदाब पाहून मात्रा ठरवतात. ती जास्त झाली तर आतड्याची हालचालच थांबून पोट फुगते, ताप चढतो व रुग्ण बरळू लागतो. ही गोष्ट लगेच परिचारिकेच्या कानावर घालावी. मुरडा गेला म्हणून दुसऱ्याच दिवशी सुट्टीचा हट्ट धरणेही धोक्याचे आहे, कारण साधारण २४ ते ९६ तासांत मानेचे व श्वासाचे स्नायू अशक्त होऊ शकतात आणि ॲट्रोपिन ते रोखत नाही. त्या काळात रुग्णाला उताणे झोपवून उशीवरून डोके उचलता येते का हे वरचेवर पाहावे, आणि उचलता आले नाही तर तत्काळ डॉक्टरांना बोलवावे.