गाडीतल्या टेपला जुना आयपॉड कसा जोडायचा

बाबांच्या आयपॉडमध्ये आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. आधी कॅसेटवर घेतलेल्या, नंतर कॉम्प्युटरवर उतरवून आयपॉडमध्ये भरलेल्या. कुठल्याच अ‍ॅपवर त्या मिळायच्या नाहीत. शिवाय घाटात रेंज गेली की मोबाइलवरचं गाणं अडतं, आयपॉडमधलं अडत नाही. आयपॉड क्लासिकची विक्री २०१४ साली बंद झाली, पण घरोघरी चालू स्थितीतले आयपॉड आणि साधे एमपीथ्री प्लेअर अजून आहेत. ते गाडीच्या मूळ सिस्टीमवर नीट वाजवता येतात, त्यासाठी सिस्टीम बदलायची गरज नाही.

आधी गाडी उभी करून टेपकडे नीट बघा. (सिस्टीम कितीही नवी असो, आमच्याकडे तिला टेपच म्हणतात.) ‘ऑक्स’ (AUX) लिहिलेलं गोल छिद्र, म्हणजे बाहेरचा प्लेअर वायरने जोडायची जागा, समोरच्या पट्टीवर, गिअरजवळ किंवा दोन सीटांमधल्या कप्प्यात असू शकतं. ते सापडलं, तर बाकीच्या पर्यायांकडे वळूच नका. माझ्या मते जुन्या प्लेअरसाठी वायरच उत्तम: आवाज स्वच्छ येतो आणि जोडणी क्षणात होते.

दोन्ही टोकांना ३.५ मिलिमीटरची पिन असलेली स्टिरिओ केबल घ्या. पिनवर दोन काळ्या रेघा हव्यात. लांबी एक मीटर पुरते, जास्त लांब वायर गिअरमध्ये अडकते. टेप आणि प्लेअर दोन्हींचा आवाज कमी करून एक टोक प्लेअरच्या हेडफोनच्या छिद्रात आणि दुसरं ऑक्समध्ये घाला. टेपवर ‘सोर्स’ किंवा ‘मोड’चं बटण दाबत ऑक्सवर या आणि गाणं सुरू करा.

गाणं लागलं, पण गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा दूर गेला आणि नुसती वाद्यंच ऐकू येतात, असं झालं तर प्लेअर बिघडलेला नाही. पिन अर्धवट बसली आहे किंवा केबलची अर्थची (डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंची सामाईक) तार तुटली आहे. अर्थ सुटला की दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज एकमेकांना खोडून काढतो, आणि गायकाचा आवाज बहुधा दोन्ही बाजूंना सारखाच असतो. पिन ‘टक’ होईपर्यंत दाबा. प्लेअरला जाड कव्हर असेल तर काढून बघा, बऱ्याचदा तेच आड येतं.

आता आवाजाची पातळी. इथे बहुतेकांचं चुकतं. प्लेअर अगदी हळू ठेवून टेप मोठा केला, तर गाण्याबरोबर खरखरही मोठी होते. प्लेअर पूर्ण मोठा केला, तर तबला आणि ढोलकी फाटल्यासारखी वाजते. प्लेअरचा आवाज साधारण ऐंशी टक्क्यांवर कायम ठेवा आणि पुढचं कमी-जास्त टेपच्या बटणानेच करा. प्लेअरमधला इक्वलायझर बंद ठेवा, बास-ट्रेबल टेपवरच जुळवा. आयपॉडच्या सेटिंगमध्ये ‘व्हॉल्यूम लिमिट’ लावलेलं नाही ना, तेही पाहा. घरगुती रेकॉर्डिंग आणि बाजारातल्या सीडीवरची गाणी एकत्र असतील तर तिथलंच ‘साउंड चेक’ चालू करा. आमच्याकडे ओव्यांनंतर एकदम बँडबाजा अंगावर यायचा, ते यामुळे बरंच निवळलं.

चार्जर लावल्यावर घूं असा आवाज यायला लागला आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की त्याचा सूर चढतो? मग चार्जर काढून बघा. घूं थांबली तर कारण सापडलं. टेप आणि चार्जर दोघांचाही अर्थ गाडीच्याच वायरिंगला असतो, आणि ऑक्सच्या केबलमुळे त्यांचा एक वेढा तयार होतो. अल्टरनेटरचा (गाडीत वीज तयार करणाऱ्या भागाचा) गोंगाट त्या वाटेने गाण्यात शिरतो. घरूनच चार्ज करून निघणं हा बिनखर्चाचा उपाय. लांबच्या प्रवासात चार्जर लागणारच असेल, तर ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची छोटी डबी ऑक्सच्या केबलमध्ये जोडा.

ऑक्स नाही, पण यूएसबी आहे? आयपॉड साध्या यूएसबीवर नुसताच चार्ज होऊ शकतो, टेप आयपॉड ओळखणारा असावा लागतो. त्यापेक्षा गाणी पेनड्राइव्हवर घ्या. पेनड्राइव्ह ‘फॅट३२’ पद्धतीने फॉरमॅट करा, एनटीएफएस ही दुसरी पद्धत अनेक टेपना वाचता येत नाही. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी कॉपी काढून ठेवा. गाणी एमपीथ्रीमध्ये असावीत. फाइलचं नाव देवनागरीत असेल तर पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसू शकतात, त्यामुळे नावं रोमन अक्षरांत लिहा आणि सुरुवातीला 01, 02 असे आकडे टाका. तरीही क्रम चुकला, तर गाणी त्याच क्रमाने एकेक करून पुन्हा कॉपी करा. काही टेप नावाकडे पाहतच नाहीत, ज्या क्रमाने फाइल आली त्याच क्रमाने वाजवतात.

टेपमध्ये फक्त ब्लूटूथ असेल, तर आयपॉडच्या हेडफोनच्या छिद्रात बसणारा ब्लूटूथ ट्रान्समीटर मिळतो. घेण्याआधी एक खात्री करा. काही गाड्यांमधलं ब्लूटूथ फक्त फोनवर बोलण्यापुरतं असतं, त्यावर गाणी वाजत नाहीत.

खरोखरीचा कॅसेट डेक असेल तर कॅसेट अडॅप्टर आणा. दिसायला कॅसेटच, पण आत फितीऐवजी एक छोटं हेड असतं. ते डेकच्या हेडला टेकतं आणि चुंबकीय लहरींतून गाणं पोहोचवतं. डेक सारखा बाजू बदलत राहिला तर अडॅप्टर उलटा घालून बघा. आयपॉडला जोडायची त्याची वायर डेकच्या दारात चिमटणार नाही अशी बाहेर काढा.

काहीच नसेल तर एफएम ट्रान्समीटर. लायटरच्या सॉकेटमध्ये तो बसवा, केबलने आयपॉड जोडा आणि ट्रान्समीटरवर जी फ्रिक्वेन्सी ठेवली, त्याच फ्रिक्वेन्सीवर टेपचा रेडिओ लावा. त्या जागी मात्र दुसरं स्टेशन नको. पुण्यात १०१ वर आकाशवाणी आहे, ९८.३ आणि ९३.५ वर पुण्यात आणि मुंबईतही स्टेशनं आहेत. पुण्यात रिकामी मिळालेली जागा मुंबई जवळ आली की भरलेली निघू शकते, म्हणून दोन-तीन जागा आधीच शोधून ठेवा. आवाज वायरइतका स्वच्छ येत नाही, पण ओव्या कळतात.

निघण्याआधी गाण्यांची यादी लावून प्लेअर घट्ट जागी ठेवा. गाणं बदलायचं काम शेजारी बसलेल्याचं. उन्हात गाडी लावून उतरताना प्लेअर डॅशबोर्डवर ठेवू नका. आतली लिथियम बॅटरी उष्णतेने फुगू शकते, आणि ओव्यांची दुसरी कॉपी घरी आहे का, हे आजच बघून घ्या.