‘मेकॅनिकल काम झालेली’ युद्धपूर्व गाडी घेताना

‘मेकॅनिकल काम पूर्ण’ म्हणजे इंजिन पूर्ण खोललं असेल, नाहीतर नुसता कार्ब्युरेटर धुऊन ऑइल बदललं असेल. म्हणून १९३९ पूर्वीची गाडी बघताना आधी विचारा: काय खोललं, काय मोजलं? क्रँकशाफ्ट किती घासला, पिस्टन किती ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा मोठे) घातले, हे आकडे बिलावर हवेत. ‘सगळं नवीन आहे’ याला उत्तर म्हणत नाहीत.

खरा खर्च बेअरिंगचा. फोर्ड मॉडेल ए (१९२८–३१) सारख्या इंजिनांत बदलता येणारे शेल (बेअरिंगच्या तयार अर्धगोल पट्ट्या) नसतात. व्हाइट मेटल (बेअरिंगचा मऊ मिश्रधातू) वितळवून ओतून मापात बोअर करावं लागतं, आणि ते जमणारे कारागीर थोडे. इंजिन तापल्यावर हलकं रेस करून सोडा. ठोका आला तर इन्सुलेटेड पकडीने एकेका प्लगचं कनेक्शन तोडून बघा. ज्या सिलिंडरवर आवाज दबतो, तिथलं बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँकशाफ्टकडचं बेअरिंग) संशयास्पद. कमी ऑइल प्रेशरला मात्र लगेच घाबरू नका. ऑस्टिन सेव्हनचा काटा जेमतेम हलतो, मॉडेल एला तर गेजच नाही.

इंजिन थंड ठेवायला आधीच सांगून ठेवा, तापवून ठेवलेल्या इंजिनात स्टार्टिंगचा दोष लपतो. मग किमान अर्धा तास चालवा, बंद करा, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करा. मॅग्नेटोची (बॅटरीशिवाय प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राची) जुनी कॉइल आणि कंडेन्सर गरम झाल्यावरच दगा देतात. चोंदलेला रेडिएटरही चढावरच कळतो. स्टार्टर रेंगाळला तर बॅटरीआधी केबल बघा. तेवढ्याच ताकदीसाठी सहा व्होल्टला बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, बारीक केबल तो वाहून नेत नाही. गिअर खरखरले तर आधी डबल क्लच करून (न्यूट्रलमध्ये क्लच सोडून पुन्हा दाबून) बघा, बिनसिंक्रोच्या, म्हणजे गिअरचा वेग आपोआप न जुळवणाऱ्या गिअरबॉक्सात चूक बहुधा चालवणाऱ्याची.

रॉडच्या (तेलाऐवजी सळ्यांनी ओढल्या जाणाऱ्या) ब्रेकसाठी चारही चाकं नीट स्टँडवर उचला आणि पेडल हळूहळू दाबत प्रत्येक चाक फिरवा. एक घट्ट नि दुसरं मोकळं असेल तर ॲडजस्टमेंट चुकलीय, किंवा ड्रम अंडाकृती झालाय. तारांच्या चाकात प्रत्येक स्पोक पान्याने वाजवा, बद्द आवाज म्हणजे सैल. टायरवरच्या DOT कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१५ म्हणजे २०१५ चा तेविसावा आठवडा. इंजिन आणि चॅसी नंबर कागदांशी ताडून घ्या.

दार उघडून टोकाशी वर उचला. बिजागरीसकट खांबच हलला, तर आतला लाकडी सांगाडा कुजलाय. ‘मेकॅनिकल’मध्ये तो धरलेला नसतो, आणि त्याची दुरुस्ती इंजिनापेक्षा महाग पडू शकते.