महासाथीत बंद पडलेली खानावळ पुन्हा कशी सुरू करावी

महाराष्ट्रात ५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या क्षमतेने गिऱ्हाइकं बसवायची परवानगी मिळाली. तोवर आमच्या खानावळीला साडेसहा महिने कुलूप होतं. परवानगी आली म्हणून लगेच चूल पेटवली नाही, आणि तेच बरं झालं. परत कधी अशी वेळ आली तर कामं याच क्रमाने करा.

आधी गॅस आणि वीज. आमच्या शेगडीमागची नळी वरून धड दिसत होती. दोन बोटांत धरून वाकवली तर आतली तार उघडी! उंदरांनी खालच्या बाजूने रबर कुरतडलं होतं. नळी, रेग्युलेटर, फ्रिजची वायर, अग्निशामक नळकांड्याची मुदत, सगळं हाताने तपासा. पाण्याची टाकी पूर्ण उपसा, घासा, नळ काही वेळ सोडून ठेवा.

याला अतिकाळजी म्हणू नका. ७ मे २०२० ला विशाखापट्टणमच्या एका रासायनिक कारखान्यातून स्टायरीन वायू सुटला आणि माणसं गेली. टाळेबंदीनंतर तो कारखाना पुन्हा सुरू होत होता. दोनच दिवसांनी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने उद्योगांना सांगितलं, की पहिला आठवडा चाचणीचा समजा. खानावळीलाही हे लागू पडतं.

मग कागद. केंद्राने मुभा दिली तरी राज्य आणि महापालिका जास्त कडक नियम लावू शकतात, म्हणून आपल्या महापालिकेचा ताजा आदेश छापून गल्ल्यापाशी ठेवा. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५१ खाली आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अन्न परवान्याची मुदत पाहा. विम्याची पॉलिसीही काढून वाचा: आगीच्या बऱ्याच पॉलिसींत जागा ३० दिवसांहून जास्त बंद राहिली तर संरक्षण थांबण्याची अट असते.

सगळ्यात अवघड भाग माणसांचा. टाळेबंदीत पूर्ण पगार द्या, हा केंद्राचा २९ मार्च २०२० चा आदेश १८ मेपासून मागे घेतला गेला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांना आपसांत बोलून तोडगा काढायला सांगितलं. तेव्हा बोला, आणि ठरेल ते कामगाराला वाचता येईल अशा भाषेत लिहून दोघांनी सह्या करा. आचारी गावाहून परतणार असेल तर तिकिटाचे पैसे आधी पाठवा. मला विचाराल तर हा खर्च टाळण्यासारखा नाहीच.

भाड्याचंही तसंच. टाळेबंदी होती म्हणून भाडं आपोआप माफ होत नाही. मे २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका दुकानदाराची भाडेमाफीची मागणी नाकारली, हप्ते मात्र थोडे पुढे ढकलून दिले. आधी करारात आपत्तीचं कलम आहे का ते बघा, मग मालकाकडे माफीऐवजी हप्ते मागा. बँकेचंही लक्षात ठेवा: टाळेबंदीत कर्जाचे हप्ते थांबले तरी व्याज चालूच होतं.

आता शटर वर करा. दारं-खिडक्या उघड्या, टेबलं लांब लांब, पदार्थ मोजकेच. सॅनिटायझर शेगडीपासून दूर ठेवा, तो पेट घेतो.

आणि माल आठवड्यापुरताच भरा. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा फक्त पार्सलवर यावं लागलं, तेव्हा आमच्याकडे चार दिवसांची भाजी आणि तांदळाचं एकच पोतं होतं.