देवगडच्या आंबापेट्यांची बेरीज का चुकत होती

पेट्या २४०, पण सी प्रोग्राममधली एकूण वजनाची बेरीज भलतीच. आधी -ओ२ (कोड वेगवान करायला त्याची फेरमांडणी करणारा पर्याय) काढून -जी -ओ० ने (डीबगची माहिती हवी, फेरमांडणी नको) पुन्हा कंपाइल केलं. नाहीतर जीडीबीत (प्रोग्राम ओळीओळीने चालवून चूक शोधायचं साधन) ओळी मागेपुढे उड्या मारतात आणि व्हेरिएबलच्या जागी ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ दिसतं. जीडीबीची ‘नेक्स्ट’ कमांड फंक्शन एका दमात ओलांडते, ‘स्टेप’ आत शिरते. चुकून शिरलात तर ‘फिनिश’ने बाहेर. नुसतं एंटर दाबलं की मागचीच कमांड पुन्हा चालते, तरी बेरजेच्या लूपच्या २४० फेऱ्या (पेटीमागे एक) तशा काढणं म्हणजे हमालीच! म्हणून बेरजेच्या ओळीवर अटीचा ब्रेकपॉइंट (अट खरी झाली की प्रोग्राम थांबवणारी खूण) लावला: आय == २३९. आय म्हणजे ० पासून मोजलेला फेरीचा क्रमांक. तिथून दोनदा ‘नेक्स्ट’, तरी लूपच्या आतच. ‘प्रिंट आय’ केलं तर २४०. वजनांची यादी धरणारा अ‍ॅरे ० ते २३९ चा, म्हणजे शेवटची फेरी अ‍ॅरेबाहेरचा कचरा मिळवत होती. लूपच्या अटीतलं <= काढून < केलं.