जादू आणि यंत्र एकाच टेबलावर: रोलप्लेइंग खेळात दोहोंचा मेळ कसा घालावा

गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली कोसळते आणि त्याच पाण्यावर १८८७ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली होती. रोलप्लेइंग खेळात प्रत्येक खेळाडू एकेक पात्र होऊन फाशांच्या मदतीने कथा पुढे नेतो. बेळगावात आमच्या टेबलावर अशा खेळात जादू आणि प्रगत तंत्रज्ञान एकत्र आणायचे ठरले, तेव्हा कथा मी तिथूनच सुरू केली. झुलता पूल ओलांडून पात्रे जुन्या वीजघरात शिरतात आणि तिथले चक्र पाण्याच्या जोरावर नव्हे, तर त्यात कोंडून ठेवलेल्या आसरांच्या, म्हणजे जलदेवतांच्या, बळावर फिरते आहे, हे त्यांच्या ध्यानात येते.

अशी कथा रचताना सर्वप्रथम दोहोंचे नाते ठरवावे. १९८० च्या ‘एक्स्पिडिशन टू द बॅरियर पीक्स’ या डन्जन्स अँड ड्रॅगन्स नावाच्या रोलप्लेइंग खेळातल्या साहसकथेत जादूच्या जगात कोसळलेले अंतराळयान सापडते, म्हणजे तिथे यंत्र परके आहे. उलट त्याच खेळाच्या २००४ च्या एबेरॉन या जगात रेल्वेसुद्धा जादूने चालते, म्हणजे जादू हेच तिथले तंत्रज्ञान आहे. आपल्या जगाचे नाते एका वाक्यात लिहावे आणि पात्रे तयार करण्यापूर्वी सर्वांना वाचून दाखवावे.

त्यानंतर किंमत ठरवावी. माझ्या मते संपूर्ण खेळ या पायरीवर उभा असतो आणि पहिल्या खेपेला मी नेमका इथेच चुकलो. मांत्रिकाला दिवसातून तीनच मंत्र दिले होते, विजेच्या बंदुकीला मात्र कसलीही मर्यादा नव्हती. परिणामी तिसऱ्या बैठकीपर्यंत मांत्रिकाचा खेळाडू हातातला फासा नुसता फिरवत बसू लागला. शॅडोरन या १९८९ च्या खेळात शरीरात यंत्रे बसवली की पात्राचे सत्त्व घटते आणि त्यासोबत जादूची ताकदही कमी होते. अशी अदलाबदल सुचली असती, तर ती बैठक वाया गेली नसती.

पुढे मी दोघांची किंमत वेगवेगळ्या ठिकाणाहून वसूल केली. मंत्राची किंमत शरीर देते: मोठा मंत्र म्हटला की दोन प्राणगुण (पात्र किती इजा सोसू शकते त्याचे गुण) जातात आणि दुसऱ्या सूर्योदयापर्यंत ते परत येत नाहीत. यंत्राची किंमत जागा देते: बंदुकीचा सेल सहा बारांत संपतो आणि तो फक्त वाहत्या पाण्याजवळ भरता येतो. शिवाय वीस बाजूंच्या फाशावर १ पडला की नळी तापून बंदूक निकामी होते. एका बारात ही शक्यता ५ टक्केच असली, तरी सहा बारांत ती सुमारे २६ टक्क्यांवर जाते. म्हणून खेळाडू प्रत्येक बारापूर्वी विचार करू लागतात. सौंदत्तीच्या कोरड्या माळावर बंदूकवाला मांत्रिकाच्या आधाराने चालतो, तर वीजघराच्या गोंगाटात, जिथे मंत्राचे शब्द स्वतःच्याही कानी पडत नाहीत, तिथे मांत्रिक बंदुकीच्या आडोशाला थांबतो.

बिघडलेले यंत्र दुरुस्त कोण करणार, हेही आधीच ठरवावे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत काळ्या रेतीचा साचा दाबून बसवणारा आणि ओतकामाचा अंदाज रसाच्या रंगावरून घेणारा कारागीर ज्याने पाहिला आहे, त्याला असे पात्र उभे करणे जड जात नाही.

अनोळखी उपकरणाचे नाव खेळाडूंना सांगू नये. हाताला आणि डोळ्यांना जे जाणवेल, तेवढेच सांगावे. ‘तळहाताएवढी थंड पेटी, एका कडेला काचेचा डोळा, दाबल्यास आत मधमाशीसारखी गुणगुण’ एवढे पुरे. उपकरण समजण्यासाठी तीन यशस्वी फासे मागावेत आणि प्रत्येक अपयशाला सेलमधला एक बार खर्ची टाकावा. माझ्या वीजघरातल्या पितळी पट्टीवरच्या अर्ध्या सूचना मोडीत आणि अर्ध्या जुन्या कन्नडमध्ये होत्या. मोडी वाचणारे पात्र आणि कन्नड जाणणारे पात्र शेजारी बसल्याशिवाय कळ दाबता येत नव्हती, आणि सीमाभागातल्या आमच्या खेळाडूंना हा प्रसंग सर्वांत आपला वाटला.

मोठी मोहीम सुरू करण्यापूर्वी एकाच जागेत दोन तासांची चाचणी खेळावी. कोणत्या पात्राने किती वेळा फासा टाकला, हे कागदावर टिपत जावे आणि आकडे फार विषम आले, तर किंमत बदलावी. बदल मात्र दोन बैठकांच्या मधल्या काळात आणि सर्वांच्या संमतीनेच करावा. भर लढाईत नियम बदलला, तर ज्याचे पात्र त्यात मरते, त्याचा खेळावरचा विश्वास उडतो. आमच्या चाचणीनंतर सेलमधले बार सहावरून चारावर आले आणि ती सूचना बंदूकवाल्या खेळाडूनेच केली होती.