‘रन’चे अर्थ पाठ करू नका, जोड्या लिहा

अप्पा बळवंत चौकातून हौसेने आणलेली जाडजूड डिक्शनरी भाचीने दहा मिनिटांत मिटली. ‘रन’ शोधायला गेली होती. पळणे, वाहणे, चालवणे, संपणे... पाठ तरी किती करायचं? ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या एका क्रियापदाचे सहाशेच्या वर अर्थ आहेत, तेव्हा तिचं काही चुकलं नाही.

मग आम्ही असं केलं:

१. सुटा ‘रन’ वहीत लिहायचाच नाही. शेजारच्या शब्दासकट लिहायचा. ‘नोज’ असेल तर नाक वाहतं, ‘शॉप’ असेल तर दुकान चालवतात, ‘कलर’ असेल तर रंग जातो (लाल ओढणी पांढऱ्या शर्टाबरोबर भिजवली की हा अर्थ जन्मात विसरत नाही). अमेरिकेत निवडणुकीत ‘रन’ करतात. आपण मात्र उभे राहतो!

२. समोर अर्थ नको, घरातलं वाक्य. ‘रन आउट ऑफ शुगर’ला ‘डब्यातली साखर संपली’.

३. मूल कुरकुरलं तर ‘लागणे’ विचारा. भूक लागते, ठेच लागते, ताक आंबट लागतं, बस लागते, नोकरी लागते. हे कुणी पाठ केलं होतं? भाची इथेच हसली.

फक्त मागून येणाऱ्या चिमुकल्या शब्दाकडे नीट बघा. बाई रस्त्यात अचानक भेटल्या तर ‘रॅन इनटू’. तिथे ‘रॅन ओव्हर’ लिहिलंत, तर बाई गाडीखाली!